संगणक-शंका : आधी कामाची यादी, मग नवी विंडोज

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : आमचा लग्नपत्रिका व हँडबिले तयार करण्याचा जुना व्यवसाय आहे. दुकानात दोन संगणक आहेत. एकाचा प्रोसेसर ‘आय५-६५००’ असून दुसऱ्याचा ‘आय५-१०४००’ आहे, आणि दोन्हींवर विंडोज १० आहे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ या प्रोग्रामने तपासणी केली असता दोन्ही संगणक अपात्र ठरले. संगणक दुरुस्त करणारा मुलगा म्हणतो, “काका, काळजी करू नका, दोन्हीवर अर्ध्या तासात टाकून देतो.” आमचे सगळे काम श्रीलिपी या फाँटच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती (तिला यूएसबीचा लॉक आहे, तो लावल्याशिवाय ती चालत नाही), पानांची जुळणी करणारे पेजमेकर, कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर आणि एक जुना स्कॅनर यांवर चालते. आम्ही काय करावे?

उत्तर : विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे आपली काळजी रास्त आहे, परंतु संगणक बंद पडणार नाहीत आणि अर्ध्या तासात निर्णय घेण्याची निकडही नाही. आपले दोन्ही संगणक ‘अपात्र’ ठरले असले तरी त्यांची कारणे निराळी असण्याची दाट शक्यता आहे. म्हणून त्या प्रोग्राममध्ये केवळ निकाल न पाहता सविस्तर निकाल उघडावा आणि नेमक्या कोणत्या अटीवर गाडी अडली आहे ते वाचावे.

प्रथम १०४०० पाहू. इंटेलच्या या क्रमांकांत शेवटचे तीन आकडे सोडले की उरतो तो पिढीचा आकडा. म्हणजे हा प्रोसेसर दहाव्या पिढीचा आहे आणि विंडोज ११ ला मोजके अपवाद वगळता आठव्या पिढीपासून पुढचे इंटेल प्रोसेसर चालतात. मग अडचण कुठे आहे? असेम्बल केलेल्या संगणकांत बहुधा ती बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) असते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. इंटेलच्या मदरबोर्डवर तिला ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या मदरबोर्डवर ‘एफटीपीएम’ म्हणतात. ती आत असते, फक्त बंद ठेवलेली असते. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ ही कळ दाबून बायोसमध्ये जावे, ती चालू करावी आणि पुन्हा तपासणी करावी. त्याआधी डिस्कवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहावे. असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घेतल्याशिवाय बायोसला हात लावू नये, कारण अशा बदलानंतर विंडोज ती मागू शकते.

यानंतरही ‘सिक्युअर बूट’ची (केवळ विश्वासू प्रणालीच सुरू होऊ देणाऱ्या सोयीची) अट अडली, तर विंडोज जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने टाकलेली असण्याचा संभव आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या गुणधर्मांत पार्टिशनची पद्धत ‘एमबीआर’ (जुनी) दिसली, तर तसेच समजावे. डेटा न पुसता ती ‘जीपीटी’ (नवी पद्धत) करणारे ‘एमबीआर२जीपीटी’ हे साधन विंडोज १० मध्येच आहे. ते आधी केवळ पडताळणीसाठी चालवता येते आणि त्या पडताळणीत डिस्कवर काहीही बदलत नाही. मात्र प्रत्यक्ष रूपांतरापूर्वी संपूर्ण बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेणे अनिवार्य आहे. आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती ऐनवेळी घाबरवते. रूपांतरानंतर बायोसमधील ‘सीएसएम’ (जुन्या पद्धतीला वाव देणारी सोय) बंद करावे लागते, आणि संगणकात फार जुने ग्राफिक्स कार्ड असेल तर त्यानंतर पडदा काळाच राहू शकतो. तसे झाल्यास संगणक बिघडला असे समजू नये. मदरबोर्डवरच्या डिस्प्ले पोर्टला मॉनिटर जोडून पाहावा.

६५०० ची गोष्ट वेगळी आहे. तो सहाव्या पिढीचा आहे आणि बायोसमध्ये काहीही केले तरी अधिकृत यादीत येणार नाही. तपासणी चुकवून त्यावर विंडोज ११ टाकता येते, हे तो मुलगा खरेच सांगतो. परंतु अशा संगणकाला पुढे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. सुरक्षा अपडेटसाठीच हा सगळा खटाटोप करायचा आणि त्याच अपडेटची खात्री सोडायची, हे मला पटत नाही. ऐन लग्नसराईत ज्या यंत्रावर गिऱ्हाइकांच्या पत्रिका अडकलेल्या असतात, त्या यंत्रावर तर मुळीच नाही. विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे. घरगुती वापरासाठी तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, तर व्यवसायांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षांची वेगळी सशुल्क सोय आहे. तिच्यासाठी विंडोज १० ची ‘२२एच२’ ही आवृत्ती असावी लागते. ही वाढीव अपडेटची सोय घ्यावी, किंवा तो संगणक इंटरनेटपासून तोडून फक्त जुळणीच्या कामाला ठेवावा.

आता मुख्य मुद्दा. संगणक पात्र ठरला म्हणजे आपले काम पात्र ठरले असे होत नाही. हेल्थ चेक संगणकाची तपासणी करतो. लॉक, स्कॅनर, पेजमेकर यांच्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. हे मी माझ्याच चुकीतून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी वागळे इस्टेटमध्ये गाड्यांच्या नंबरप्लेटचे रेडियमचे काम करणाऱ्या एका परिचितांचा संगणक मी एका संध्याकाळी ३२ बिट (जुन्या घडणीच्या) विंडोजवरून ६४ बिटवर (नव्या घडणीच्या) नेला. विंडोज सुरेख चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, की कटिंग प्लॉटर हलत नाही. त्याचा ड्रायव्हर (उपकरण विंडोजशी जोडणारा प्रोग्राम) केवळ ३२ बिटचा होता, आणि तो प्लॉटर दुकानाच्या मागच्या खोलीत असल्यामुळे मला दिसलाच नव्हता. जुनी व्यवस्था पुन्हा बसवेपर्यंत दोन दिवस गेले. ते गृहस्थ मला एका शब्दाने बोलले नाहीत, पण रेडियमची न कापलेली गुंडाळी काउंटरवर तशीच पडलेली मी पाहत होतो. तेव्हापासून मी विंडोजच्या आधी वही उघडतो आणि त्या संगणकावर दिवसभरात, महिन्यात व वर्षातून एकदा काय काय केले जाते ते विचारून लिहून घेतो.

आपली वही मी अशी भरीन. विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्ये येते, म्हणून प्रत्येक उपकरणाचा ६४ बिट ड्रायव्हर हवा. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ या पानावर ‘सिस्टीम टाइप’ पाहावा. तेथे आजच ६४ बिट दिसत असेल आणि प्रिंटर, स्कॅनर, लॉक सगळे त्यावर चालत असेल, तर निम्मी लढाई जिंकलीच म्हणायची. एलबीपी २९०० चा ६४ बिट ड्रायव्हर आहे. तो कंपनीच्या संकेतस्थळावरून आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावा. स्कॅनरबाबत मात्र मॉडेल क्रमांक पाहून तेथेच खात्री करावी, कारण जुन्या स्कॅनरचे ड्रायव्हर पुढे अद्ययावत न होणे ही नित्याची गोष्ट आहे.

लॉकबाबत विशेष जपावे. लॉक म्हणजे केवळ एक पेनड्राइव्हसारखी वस्तू नव्हे. त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसतो, आणि ‘मेमरी इंटेग्रिटी’ ही सुरक्षा चालू असेल तर विंडोज असे जुने ड्रायव्हर अडवते. याची चाचणी विंडोज १० वरच घेता येते. विंडोज सिक्युरिटीत ‘डिव्हाइस सिक्युरिटी’खाली ‘कोअर आयसोलेशन’ उघडून ती सोय चालू करू पाहावी. न जुळणारे ड्रायव्हर असतील तर त्यांची नावांनिशी यादी समोर येते. त्या यादीत लॉकचे नाव दिसले, तर सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याकडे नवा ड्रायव्हर किंवा नवी आवृत्ती मागितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पेजमेकरची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची आहे. ती चालली तरी उधारीवर चालते असेच समजावे. आपल्या जुन्या पत्रिकांतील मजकूर युनिकोडमध्ये (सर्व संगणकांना समजणाऱ्या समान मांडणीत) नसून त्या त्या फाँटच्या सांकेतिक मांडणीत आहे. म्हणजे फाँट गेला की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांची खिचडी दिसणार. म्हणून सर्व फाँटच्या फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये जपाव्यात, ज्या पत्रिका गिऱ्हाईक पुन्हा मागते त्यांच्या पीडीएफ आजच करून ठेवाव्यात, आणि नेहमीचे मजकूर सवडीने युनिकोडमध्ये आणावेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण मराठी मजकूर टिकवण्यासाठी ते आज ना उद्या करावेच लागणार आहे.

एवढे झाल्यावर १०४०० वाल्या संगणकातील जुनी डिस्क काढून बाजूला ठेवावी, एक नवी एसएसडी (वेगवान डिस्क) आणून तिच्यावर विंडोज ११ टाकावी आणि एक खरी पत्रिका जुळणीपासून छपाईपर्यंत तिच्यावर करून पाहावी. काही अडले तर जुनी डिस्क परत लावली की दुकान पूर्ववत सुरू. त्या मुलाच्या अर्ध्या तासापेक्षा ही रीत महाग व सावकाश आहे, पण मी तरी आपल्या दुकानात हीच वापरीन.

प्रश्न (वाशी, नवी मुंबई) : एपीएमसी मार्केटमध्ये आमचा गाळा आहे. हिशेब व पट्ट्या फॉक्सप्रोमध्ये केलेल्या डॉसच्या जुन्या प्रोग्रामवर होतात आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापल्या जातात. संगणकावर ३२ बिट विंडोज १० आहे. तो विंडोज ११ वर नेता येईल का?

उत्तर : जसाच्या तसा नेता येणार नाही. ३२ बिटवरून ६४ बिटवर थेट अपग्रेड होत नाही, सर्व काही पुसून नव्याने टाकावे लागते. शिवाय डॉसचे १६ बिट प्रोग्राम ६४ बिट विंडोज मुळात चालवतच नाही. आपला प्रोग्राम आज चालतो आहे तो त्या ३२ बिट विंडोजच्या कृपेनेच. विंडोजसाठी केलेला व्हिज्युअल फॉक्सप्रोचा प्रोग्राम असता तर गोष्ट निराळी होती, कारण तो ३२ बिट असतो आणि ६४ बिट विंडोजवर चालू शकतो.

म्हणून हा संगणक आहे तसाच ठेवून त्याची इंटरनेटची वायर काढावी आणि बँक व जीएसटीची कामे दुसऱ्या, अद्ययावत संगणकावर करावीत. त्याच वेळी फॉक्सप्रोचा डेटा ठेवणाऱ्या ‘डीबीएफ’ फाइलींचा बॅकअप रोज घ्यावा. या फाइली एक्सेल किंवा लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, त्यामुळे खातेदारांच्या बाक्या नव्या प्रोग्राममध्ये नेणे शक्य आहे. नावे मराठीत असतील तर आधी दहा-वीस खाती उघडून अक्षरे नीट दिसतात का ते तपासावे. डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात) जुना प्रोग्राम चालवता येतो, पण भल्या पहाटे गाड्या उतरत असताना पट्टी छापायची घाई असते. तेव्हा अशा जोडकामावर मी गाळा सोपवणार नाही. नवा संगणक घेताना त्याला प्रिंटरचा जुना पॅरलल पोर्ट नसेल हेही लक्षात घ्यावे.

प्रश्न (ऐरोली) : २०१८ च्या लॅपटॉपमध्ये ‘आय३-८१३०यू’ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क आहे. हेल्थ चेक पात्र म्हणतो. टाकावी का?

उत्तर : आहे तशीच टाकू नये. ४ जीबी रॅम ही किमान अट आहे, सुखाने काम होण्याची नव्हे. आधी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी, रॅम वाढवता येते का (काही लॅपटॉपमध्ये ती बोर्डावर डाक दिलेली असते) ते पाहून ८ जीबी करावी, आणि मग विंडोज ११ टाकावी. रॅम वाढत नसेल तर निदान एसएसडी तरी घ्यावीच.

प्रश्न (नेरुळ) : कार्यालयातील संगणकावर मागील आठवड्यात विंडोज ११ टाकली. आता डिजिटल सिग्नेचरचे यूएसबी टोकन ओळखले जात नाही. विवरणपत्रांची तारीख जवळ आली आहे. सही नष्ट झाली का?

उत्तर : नाही. सही संगणकात नसते, टोकनमध्ये असते. टोकन देणाऱ्याच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचे नवे सॉफ्टवेअर घ्यावे, जुने काढून टाकावे, संगणक पुन्हा सुरू करावा आणि मगच टोकन लावावे. विवरणपत्रे भरण्याच्या पोर्टलसाठी सहीची वेगळी उपयुक्तिका (लहान सहायक प्रोग्राम) लागत असेल तर तीही नव्याने टाकावी.

तेवढ्याने जमले नाही, तर अपग्रेडनंतर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधील ‘रिकव्हरी’ या पानावरून ‘गो बॅक’ करून विंडोज १० वर परतता येते. आपले पत्र हाती आले तेव्हा मुदतीचे तीनच दिवस उरले होते, म्हणून हे आपणास त्याच दिवशी दूरध्वनीवर कळवले. इतर वाचकांसाठी येथे देत आहे. या दहा दिवसांत ‘डिस्क क्लीनअप’ चालवून ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर पुसू नये, कारण परतीची वाट त्यातच असते. आणि टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इनिशियलाइज’ असे बटण दिसले तर कोणी कितीही सांगितले तरी ते दाबू नये. ते दाबल्यास टोकनमधील सही खरोखरच पुसली जाते आणि नव्याने काढावी लागते.