स्लाइड-आउट अर्ध्यात का थांबते?

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेत टेक्सासला असतो. त्याने पिकअपच्या हौद्यात अडकवायचा फिफ्थ-व्हील कॅम्पर घेतला आहे. दिवाळीनंतर आम्ही दोघं महिनाभर त्यातच राहणार आहोत. भिंतीतून बाहेर सरकणाऱ्या तीन खोल्या (स्लाइड-आउट) हायड्रॉलिकवर, म्हणजे तेलाच्या दाबावर चालतात. बटण दाबलं की एक बाहेर येते आणि बाकीच्या थांबून राहतात. कधी नुसता ‘टक्’ आवाज येतो. मुलगा घरी नसताना आम्ही त्या चालवाव्यात का?
– एक वाचक, मांजलपूर, बडोदा

उत्तर : जरूर चालवा. एक आधी, दुसरी नंतर येणं हा बिघाड नाही. तिघींना एकच पंप तेल पुरवतो, आणि तेल जिथे अडथळा कमी तिथे आधी शिरतं. खरी चूक होते ती बोट उचलण्यात. तिन्ही पूर्ण बाहेर आल्या तरी बटण आणखी ३-४ सेकंद दाबून ठेवा. मागे राहिलेली बाजू तेवढ्यात टोकाला पोचते आणि रबरी सील नीट दाबून बसतं. आत घेतानाही हेच करायचं.

त्याआधी चाकांना ठोकळे लावा आणि गाडी सपाटीत आणा : डावी-उजवी बाजू फळ्यांवर चढवून, पुढची-मागची लँडिंग गियरने, म्हणजे कॅम्परच्या पुढच्या टेकूच्या पायांनी. गाडी कलती असली तर एका बाजूच्या खोलीला चढ चढावा लागतो. बाहेर ५ फूट जागा मोकळी हवी. आतले ड्रॉवर बंद, आरामखुर्ची सरळ, प्रवासात लावलेले लॉक काढलेले, आणि एक खिडकी उघडी, म्हणजे आतली हवा अडत नाही.

‘टक्’ होऊन मोटर फिरली नाही तर आधी बॅटरीवर संशय घ्या. बटण दाबलेलं असतानाच बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर धरा. आकडा ११ व्होल्टच्या खाली घसरला तर बॅटरी चार्ज करा. बाहेरची वीज जोडली आहे म्हणून निश्चिंत राहू नका. जोर लावताना मोटर १०० अँपिअरच्या आसपास ओढते, बाहेरच्या विजेचे १२ व्होल्ट करणाऱ्या कन्व्हर्टरला एकट्याला ते झेपत नाही. बॅटरी ठणठणीत निघाली तर टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी आणि चासीवरचा अर्थिंगचा बोल्ट पाहा. मोटरपर्यंत १२ व्होल्ट पोचूनही ती गप्प असेल तर मोटर गेली. पोचतच नसतील तर सोलेनॉइड (मोटरला वीज जोडणारा विद्युत स्विच) पाहा.

तेल तपासायचं ते सगळ्या खोल्या आत आणि गाडीला टेकू देणारे जॅक वर असताना. पातळी टाकीच्या काठाखाली साधारण अर्धा इंच असावी. खोल्या बाहेर असताना टाकी भरली तर आत घेताना परतलेलं तेल काठावरून वाहतं आणि पंपाचा कप्पा लाल होतो. बहुतेक गाड्यांत डेक्सरॉन प्रकारचं एटीएफ (ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं लाल तेल) लागतं, पण टाकीवरचं लेबल वाचूनच ओता. तेल दुधाळ गुलाबी दिसलं तर त्यात पाणी गेलं आहे, सगळं बदला.

गळती शोधताना पाइपवरून हात मात्र कधीही फिरवू नका. सुईएवढ्या भोकातून दाबाने सुटलेलं तेल कातडीत घुसतं, आणि जखम बारीक दिसली तरी तडक हॉस्पिटल गाठावं लागतं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, त्यावर लाल रेघ उमटते.

प्रश्न : प्रदर्शनाच्या व्हॅनला बाहेर सरकणारी खोली बसवतो आहे. दोन्ही कडांना ५० मिमी बोअरचे (आतल्या व्यासाचे) एकसारखे सिलिंडर एकाच पाइपवरून दिले, तर खोली तिरकी जाते. एटीएफऐवजी ब्रेक ऑइल चालेल का?
– फॅब्रिकेशन व्यावसायिक, मकरपुरा जीआयडीसी, बडोदा

उत्तर : ब्रेक ऑइल अजिबात नको. हायड्रॉलिकची नायट्राइल रबराची सील त्यात फुगतात. बडोद्याच्या उन्हात ४६ ग्रेडचं हायड्रॉलिक ऑइल योग्य, पंपवाल्याची मनाई नसेल तर.

तिरकेपणाचं कारण वरचंच : जी कड हलकी, ती आधी धावते. सिलिंडर एकामागे एक जोडा. पहिला ५० मिमी बोअर आणि ३० मिमी रॉडचा, दुसरा ४० मिमी बोअरचा. पहिल्याच्या रॉडकडून निघणारं तेल दुसऱ्याच्या पिस्टनमागे जातं, आणि ५०² – ३०² = ४०² असल्यामुळे दोन्ही रॉड सारखेच सरकतात. सीलमधून थोडं तेल पाझरतंच, त्यामुळे काही फेऱ्यांनी फरक साठतो. तो मिटावा म्हणून स्ट्रोकच्या टोकाला बायपास (तेलाला पिस्टन चुकवून पुढे जाऊ देणारी वाट) ठेवा आणि चालवणाऱ्याला बटण धरून ठेवायला सांगा. मात्र पहिला सिलिंडर दोन्ही कडांचा भार उचलतो, तेव्हा दाबाचा हिशेब त्याच्यावरून करा. हे जमत नसेल तर दोन्ही कडांना रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारं दातेरी चाक) लावून मधून एकच शाफ्ट टाका. शाफ्ट जाड घ्या. बारीक घेतला तर पीळ पडतो आणि खोली पुन्हा तिरकी जाते.