रेकॉर्डिंग प्रोजेक्टमध्ये उरलेल्या ऑडिओ फाइली पुसून टाकाव्यात का? बॅकअप कसा ठेवावा?

घाईने पुसू नका. तुम्ही लिहिलंय की रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये भजनांचं काम संपलं, फोल्डरात शेकडो फाइली उरल्या, डिस्क भरत आली आणि सॉफ्टवेअर त्यातल्या बऱ्याचशा ‘न वापरलेल्या’ म्हणून दाखवतंय. सॉफ्टवेअरला एवढंच कळतं की ती फाइल आत्ता प्रोजेक्टमध्ये लावलेली नाही. ती नकोशी आहे का, हे ऐकून ठरवावं लागतं. म्हणून आधी अख्ख्या फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, मग सफाई, मग साफ झालेल्या प्रोजेक्टची पुन्हा प्रत. हा क्रम मी कधी मोडत नाही.

मी ग्वाल्हेरला लश्करात राहते, रेकॉर्डिंग घरच्याच एका खोलीत करते. भजनं-अभंग येतात तसे ख्याल-टप्पेही येतात, आणि दोन्हींमधल्या उरलेल्या फाइलींचं मोल सारखं नसतं. भजन बहुधा क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरावीक लयीच्या टिकटिकीवर, रेकॉर्ड होतं. लय बांधलेली असल्यामुळे तिसऱ्या टेकमधला (तिसऱ्यांदा गाऊन घेतलेल्या रेकॉर्डिंगमधला) अंतरा पहिल्यात नीट बसतो. सगळ्या टेकमधून चांगल्या ओळी निवडून एक ट्रॅक तयार झाला आणि गायकाने तो पसंत केला, की बाकीचे तुकडे निर्धास्त काढता येतात.

ख्यालाला क्लिक नसते. तिलवाडा तालातला विलंबित ख्याल ज्या लयीत सुरू होतो त्या लयीत अर्ध्या तासाने नसतो; लय हळूहळू चढत जाते. एका टेकमधली बढत (रागाचा टप्प्याटप्प्याने केलेला विस्तार) उचलून दुसऱ्यात घातली तर सांधा ऐकू येतोच, समेवर तर हमखास. टप्प्यात तोच मुखडा दर वेळी निराळी तान घेऊन येतो. त्यामुळे असे न वापरलेले टेक मी तुकडे करून ठेवत नाही. अखंड ठेवते, सगळ्या माइकच्या ट्रॅकसकट. वर्षभराने शिष्यांना ते ऐकवायला गुरुजी स्वतःच मागतात.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण कचरा समजून फेकतात: गाणं सुरू होण्याआधीचा नुसता तंबोरा. तो जपाच. पुढे कुठे खोकला काढायचा असतो, कुठे बांगडी वाजलेली असते. तिथे भरायला त्याच बैठकीतला, त्याच जुळणीचा, त्याच खोलीतला तंबोरा लागतो. दुसऱ्या दिवशीचा आणून लावला तर कानाला लगेच खुपतो. क्लिकवरच्या भजनातही ही दोन मिनिटं हाताशी असू द्या.

बिनधास्त काढण्यासारखंही पुष्कळ असतं. रीपरच्या लाटांची चित्रं साठवणाऱ्या छोट्या फाइली प्रोजेक्ट उघडला की पुन्हा बनतात. ऐकवण्यापुरते काढलेले कच्चे मिक्स, संगणकावरचा भार हलका करायला ट्रॅक ‘फ्रीझ’ करताना बनलेल्या तात्पुरत्या फाइली (आधी ट्रॅक अनफ्रीझ करून), मूळ शाबूत असेल तर आवाज साफ करताना बनलेल्या मधल्या प्रती, सुरू होताच थांबवलेले टेक, हे सगळं जाऊ द्या.

सफाई करताना मात्र सांभाळा. एकाच फोल्डरात त्याच गाण्याच्या दोन-तीन आवृत्त्या वेगवेगळ्या नावांनी सेव्ह केल्या असतील, तर एक आवृत्ती उघडून सफाईचा आदेश दिल्यावर दुसरीला लागणारी फाइलही फालतूंच्या यादीत येऊ शकते. त्यापेक्षा ‘सेव्ह ॲज’ करताना नवा फोल्डर द्या आणि सगळा मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरात कॉपी करण्याच्या पर्यायावर खूण करा. प्रोजेक्टला लागणाऱ्या फाइलीच नव्या जागी येतात, डाउनलोड्समध्ये पडलेला तबल्याचा लूपसुद्धा. जुना फोल्डर तसाच राहतो, त्यातून निवांत निवड करता येते. क्यूबेस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरच्या फाइली गोळा करायला ‘प्रिपेअर अर्काइव्ह’ आहे.

जागेचा हिशोब फार भीतिदायक नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी घेतो. गळा, तबल्याचे दायाँ आणि बायाँ, पेटी आणि तंबोरा असे पाच ट्रॅक तासभर चालले तर सुमारे २.६ जीबी. ठेवायचे टेक फ्लॅक या, काहीही न गमावता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात बदलले की बरीच जागा वाचते आणि आवाजात कणभरही फरक पडत नाही. शिवाय फ्लॅकमध्ये मूळ आवाजाचा चेकसम (पडताळणीचा आकडा) असतो, त्यामुळे फाइल खराब झाली का हे पुढे तपासता येतं. तुमचं रेकॉर्डिंग ३२ बिट फ्लोटमध्ये असेल तर फ्लॅक चालणार नाही, तिथे वेवपॅक हा तसाच दुसरा प्रकार वापरा.

प्रती तीन: एक कामाच्या संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक घराबाहेर, मग ती क्लाउडवर असो की बहिणीच्या कपाटात. कपाटात ठेवायला मी साधी हार्ड डिस्क घेते. एसएसडी वर्षानुवर्षं विजेविना पडून राहिली तर तिच्यातल्या डेटाचा भरवसा नसतो. आणि सिंक, म्हणजे दोन ठिकाणच्या फाइली आपोआप सारख्या ठेवणं, हा बॅकअप नव्हे. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. ‘मिरर’ पद्धतीने कॉपी करणारी साधनंही तेच करतात, म्हणून जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय चालू ठेवा.

प्रोजेक्टसोबत प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटापर्यंत सलग वेव्ह (साधी ऑडिओ) फाइल म्हणूनही काढून ठेवा. दहा वर्षांनी तुमचे प्लगइन (इफेक्ट देणारी जोड-सॉफ्टवेअरं) चालतील याची खात्री कोणी देत नाही, वेव्ह मात्र उघडेल. शेजारी एक साधी टेक्स्ट फाइल असावी: राग, ताल, पट्टी काळी एक की काळी चार, साथीला कोण, तारीख. नाहीतर ‘ऑडिओ शून्य-एक-सात’ नावाच्या फाइलीत यमन आहे की शुद्ध कल्याण, हे पुन्हा ऐकल्याशिवाय कळत नाही. आणि बॅकअपमधला प्रोजेक्ट दुसऱ्या संगणकावर एकदा उघडून, वाजवून बघा. त्याशिवाय मूळ काढू नका.

शेवटी, हे टेक तुमच्या डिस्कवर असले तरी आवाज गायकाचा आहे. चुकलेली तान, मधलं बोलणं, गुरूने शिष्याला दिलेला दम, हे कुणाला जपावंसं वाटतं, कुणाला मुळीच नाही. काम सुरू करतानाच विचारून घ्या आणि किती काळ ठेवणार तेही सांगा. ‘पुसा’ म्हणाले तर तिन्ही प्रतींमधून पुसायचं आणि पुसल्यावर तसं कळवायचं.