केंद्र म्हणजे पराणीची आर

प्रश्न असा आला आहे : ‘अमेरिकेतल्या गृहयुद्धामुळे तिथलं केंद्र सरकार बलाढ्य झालं’ या वाक्यात ‘गृहयुद्ध’ बरोबर की ‘यादवी’?

यादवी. ‘गृहयुद्ध’ ही हिंदी बातम्यांची उसनवारी आहे आणि ती रोज संध्याकाळी ऐकून माझे कान किटले आहेत. मराठीत ‘गृह’ जोडलं की गृहकलह आठवतो, भावाभावांचा नाहीतर सासूसुनेचा. चार वर्षं चाललेल्या, सहा लाखांहून जास्त माणसांचा जीव घेतलेल्या युद्धाला तो सूर लावू नये. मुसळ, लव्हाळी आणि प्रभासक्षेत्र ही यादवीमागची कथा सगळ्यांना पाठ आहे, ती पुन्हा सांगत नाही.

या वाक्यातला खरा रसाळ शब्द मात्र विचारायचा राहूनच गेला आहे, तो म्हणजे ‘केंद्र’.

हा शब्द दिसतो संस्कृत, पण मूळचा ग्रीक आहे. ‘केन्त्रोन’ म्हणजे टोचणारं टोक, बैल हाकायची अणकुचीदार काठी. आमच्याकडे तिला पराणी म्हणतात आणि तिच्या टोकाला बसवलेल्या खिळ्याला आर. लहानपणी औताच्या मागे चालताना ही आर मी माझ्याच तळहातावर टोचून पाहिली होती. पुढे वर्तुळ काढताना कंपासचा जो पाय कागदात रुततो, त्याला ग्रीकांनी तेच नाव दिलं. वहीत मागच्या चार पानांपर्यंत जे भोक पडतं ना, तेच केंद्र! ग्रीक ज्योतिषाबरोबर हा शब्द आपल्याकडे आला आणि कुंडलीतल्या १, ४, ७, १० या स्थानांना चिकटला. ‘होरा’ आणि ‘जामित्र’ हे त्याचेच सोबती. तिकडे लॅटिनमधून फिरत तोच शब्द ‘सेंटर’ झाला. म्हणजे ‘सेंट्रल’ला ‘केंद्रीय’ म्हणताना आपण सख्ख्या भावाचीच गाठ घालून देतो. काही विद्वान ‘क’ आणि ‘इंद्र’ अशी फोड करून हा शब्द अस्सल देशी ठरवतात. त्यांनी यवनांशी, म्हणजे ग्रीकांशी, संबंध येण्याआधीच्या वाङ्मयातून एक तरी प्रयोग काढून दाखवावा. अभिमानाने व्युत्पत्ती सिद्ध होत नाही.

आता अमेरिका. ‘तिथलं सरकार संघाचं, त्याला केंद्र सरकार म्हणूच नये’ असं बजावणारे आहेत. माझं मत वेगळं आहे : १८६१ आधी ‘संघ’ म्हणा, पुढे बेलाशक ‘केंद्र’ म्हणा. कारण आर तेव्हा रुतली.

युद्धाआधी सामान्य अमेरिकन माणसाचा वॉशिंग्टनशी संबंध यायचा तो मुख्यतः टपालापुरता. खिशातली नोटसुद्धा राज्याने परवाना दिलेल्या कुठल्यातरी बँकेची असे, आणि दूरच्या गावात दुकानदार ती उलटीपालटी करून पाही, मग कमी किमतीत घेई. युद्धाचा खर्च अंगावर आला तसं १८६१ मध्ये आयकराचा पहिला कायदा झाला : ८०० डॉलरवरच्या उत्पन्नावर ३ टक्के. १८६२ मध्ये सरकारने स्वतःच्या नोटा काढल्या. मागची बाजू हिरव्या शाईची म्हणून लोक त्यांना ‘ग्रीनबॅक’ म्हणू लागले. १८६३ मध्ये राष्ट्रीय बँकांचा कायदा आला आणि त्याच वर्षी सक्तीची लष्करभरती. ३०० डॉलर भरणाऱ्याला तीतून सूट होती, म्हणून त्या जुलैत न्यू यॉर्कमध्ये भयंकर दंगल उसळली. शेवटी राज्यांच्या बँकांच्या नोटांवर १० टक्के कर लादून त्या चलनातूनच हुसकावल्या. १८६० मध्ये सरकारचा वर्षाचा खर्च साधारण ६.३ कोटी डॉलर होता, १८६५ मध्ये तो १३० कोटींच्या आसपास गेला.

मला सगळ्यात जास्त चटका लावते ती दक्षिणेची गोष्ट. गुलामगिरी टिकवण्यासाठी राज्यांच्या हक्कांची ढाल पुढे करून ती फुटून निघाली, आणि सक्तीची भरती मात्र तिने उत्तरेच्या वर्षभर आधी, एप्रिल १८६२ मध्येच, लागू केली. जॉर्जियाचा गव्हर्नर जोसेफ ब्राउन रिचमंडच्या, म्हणजे दक्षिणेच्याच, सरकारशी त्यावरून भांडत राहिला. १८६३ मध्ये तर शेतकऱ्याच्या पिकाचा दहावा हिस्सा वस्तुरूपात वसूल करायचं ठरलं. धान्याची रास मोजून त्यातला दशांश उचलायचा! आपल्या सरदेशमुखीचा दरही दहा टक्केच होता, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

लिंकनचे शब्दही बघा. १९ नोव्हेंबर १८६३ च्या गेटिसबर्गच्या छोट्याशा भाषणात ‘नेशन’ (राष्ट्र) हा शब्द पाच वेळा येतो, ‘युनियन’ (संघ) एकदाही नाही.

यावरून काहीजण सांगत सुटतात की युद्ध संपलं आणि ‘युनायटेड स्टेट्स’ हे अनेकवचन रातोरात एकवचन झालं. हे मला साफ नामंजूर आहे. गुलामगिरी बंद करणारी १८६५ ची तेरावी घटनादुरुस्ती उघडून बघा. तीत ‘युनायटेड स्टेट्स’साठी ‘त्यांच्या’ अधिकारक्षेत्रात असं अनेकवचनी सर्वनाम आहे. सरकार एकवटलं तरी व्याकरण मागून सावकाश आलं. तेव्हा त्या काळाबद्दल लिहिताना आपल्या जुन्या लेखकांचं ‘अमेरिकेची संयुक्त संस्थाने’ हे अनेकवचन खोडू नका.