सहकाराची प्रश्नोत्तरे : नोंदणी कुणाकडे, ते आधी बघा

पतसंस्थेत 2 लाखांची ठेव आहे. बँकेसारखा 5 लाखांचा विमा तिलाही असतो ना? (माजलगाव)

नसतो. तो विमा डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाचा, आणि फक्त बँकांपुरता. जिल्हा बँक किंवा नागरी सहकारी बँक असेल तर आहे. पतसंस्थेला नाही, नावापुढे 'मल्टिस्टेट' (बहुराज्य) लावलेल्या पतसंस्थेलाही नाही. बँकेतसुद्धा त्या 5 लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात. एकाच बँकेच्या तीन शाखांत तीन ठेवी ठेवल्या, तरी हिशेब एकत्रच होतो.

ठेवपावती काढा आणि संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे ते वाचा. 'महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960' असेल तर तक्रार सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे न्यायची. 'बहुराज्य सहकारी संस्था अधिनियम 2002' असेल तर त्या संस्थेचे केंद्रीय निबंधक दिल्लीत. पाटीवर दोन्हीकडे 'सहकारी'च लिहिलेले असते, म्हणून ठेवीदाराला हा फरक कुलूप लागल्यावर कळतो.

व्याजाचेही बघा. आसपासच्या बँका 7 टक्के देत असताना कुणी 12 देत असेल, तर तो पैसा 15-16 टक्क्यांनी कुणाला तरी कर्जाऊ द्यावा लागणार. इतके व्याज कबूल करणारा बहुधा दुसरीकडून नकार खाऊन आलेला असतो. ठेव ठेवण्याआधी लेखापरीक्षणाचा वर्ग (अ, ब, क, ड) आणि कर्जांची थकबाकी विचारा. मुदत संपल्यावर 'नूतनीकरणाला पाठवतो' म्हणून मूळ पावती मागितली, तर झेरॉक्सवर सही-शिक्का घेतल्याशिवाय देऊ नका.

उसाची एफआरपी (सरकारने ठरवलेला किमान दर) टनाला 3,550 ऐकतो, खात्यावर तीन हजारही पडले नाहीत. कारखान्याने पैसे मारले का? (औसा)

आधी गणित करा. 2025-26 च्या हंगामाला 3,550 रुपये टन हा दर 10.25 टक्के उताऱ्याचा (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाचा) आहे. उतारा 0.1 टक्क्याने वाढला की क्विंटलला 3.46 रुपये वाढतात, घटला तर तेवढेच घटतात. 9.5 च्या खाली मात्र घट थांबते, 3,290.50 च्या खाली दर जात नाही.

समजा उतारा 11.05 धरला. 0.8 टक्के जास्त, म्हणजे 8 × 3.46 = 27.68 रुपये क्विंटलला. टनाला झाले 3,826.80. यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती 900 असेल तर हातात 2,926.80 येतात. म्हणजे तीन हजारांच्या आत पैसे आले, एवढ्यावरून फसवणूक ठरत नाही.

खरी मेख तोडणी-वाहतुकीत असते. बहुतेक कारखाने ती सरासरीने कापतात, त्यामुळे कारखान्याच्या गव्हाणीपासून पाच किलोमीटरवरचा शेतकरी साठ किलोमीटरवरच्या उसाचे भाडे भरतो. कपातीचा तपशील लेखी मागा.

ऊस गाळपाला गेल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे. पुढे वर्षाला 15 टक्के व्याज. ते व्याज कुणी आपणहून देत नाही. वजनपावत्या जोडून साखर विभागाच्या प्रादेशिक सहसंचालकांकडे अर्ज करा. साखर आयुक्त थकबाकी महसुली वसुलीला लावू शकतात. कारखाना सहकारी असो की खासगी, हा नियम एकच.

हळदीसाठी सहकारी संस्था काढावी की शेतकरी उत्पादक कंपनी? (वसमत)

दोन्हींना किमान 10 जण लागतात. संस्थेत ते वेगवेगळ्या कुटुंबांतले हवेत, कंपनीत सगळे उत्पादक. मतही दोन्हीकडे माणशी एकच. संस्थेवर निबंधकाची नजर असते आणि वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. कंपनीत तुम्ही मोकळे, पण कागदांची शिस्त कडक : किमान 5 संचालक, आणि वार्षिक सभेनंतर ताळेबंद 30 दिवसांत, वार्षिक विवरणपत्र 60 दिवसांत भरायचे. उशीर झाला की प्रत्येक फॉर्मला दिवसाला 100 रुपये. सलग तीन वर्षे भरले नाही, तर संचालक 5 वर्षांसाठी अपात्र. पहिल्या वर्षी अनुदानाच्या आशेने काढलेल्या कित्येक कंपन्या इथेच आपटतात.

आमचे मत कंपनीकडे झुकते, पण खेळत्या भांडवलाची सोय झाल्यावरच. 300 सभासदांचे भागाचे हजार-हजार म्हणजे 3 लाख. क्विंटलला 12,000 दर धरला, तर दहा टन पॉलिश केलेल्या हळदीलाच 12 लाख लागतात. सभासदाला मोंढ्यात (बाजारात) रोख मिळत असताना तो तुमच्याकडे महिनाभर थांबेल का, हे आधी गावात बसून विचारा.

गावच्या विकास सोसायटीत (पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेत) सभासद करून घेत नाहीत. अर्जच घेत नाहीत. (जिंतूर)

अर्ज आणि भागाची रक्कम थेट निबंधकांकडे भरता येते. ते 30 दिवसांत सोसायटीकडे पाठवतात. तिथून 60 दिवसांत सोसायटीने काही कळवले नाही, तर तुम्ही सभासद झालात असे कायदा मानतो. लेखी नकार आला तर 60 दिवसांत अपील करा. पोच प्रत्येक टप्प्यावर घ्या. गटसचिव (सोसायटीचे कामकाज बघणारा) टाळतो त्याला एक कारण असते : नव्या सभासदाला दोन वर्षे मतदान करता येत नाही, म्हणून आज अर्ज लांबवला की पुढची निवडणूक तुमच्याविना निघते.