एलडीआर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रकाशानुसार रोध बदलणाऱ्या एलडीआरविषयी त्याच त्या शंका सातत्याने येत असल्यामुळे त्यांतील काहींची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : एलडीआरला धन आणि ऋण अशी टोके असतात का?

नाही, तो कोणत्याही बाजूने जोडावा.

प्रश्न : एकाच क्रमांकाचे दोन एलडीआर सारख्याच उजेडात वेगवेगळा रोध दाखवतात. त्यांतला एक सदोष आहे का?

बहुधा नाही. ५५२८ या प्रचलित प्रकारासाठी माहितीपत्रकांत १० लक्स (प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) प्रकाशात साधारण ८ ते २० किलोओहम एवढी मोठी व्याप्ती दिलेली असते, शिवाय तो आधी अंधारात होता की उजेडात, यावरही मोजमाप अवलंबून राहते. म्हणून त्याच्या जोडीला प्रिसेट, म्हणजे स्क्रू फिरवून बदलता येणारा रोध, लावून प्रत्येक सर्किट स्वतंत्रपणे जुळवावे. ‘अचूक लक्स मोजणारा’ असे सांगून हाच सुटा भाग चढ्या भावाने विकणाऱ्याकडे माहितीपत्रक मागा आणि ते मिळाले नाही तर खरेदी करू नका.

प्रश्न : एलडीआरवर चालणारा दिवा संध्याकाळी लागताना रिले (विजेने चालणारा स्विच) बराच वेळ खडखडतो. काही महिने असेच चालले आहे.

काही महिने थांबायला नको होते. रिलेचे संपर्क अशानेच जळतात. दिव्याचा स्वतःचा उजेड एलडीआरवर पडत असेल तर आधी त्याची जागा बदला. तरीही खडखड राहिली, तर कंपॅरेटरच्या (दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या भागाच्या) आउटपुटपासून धन इनपुटकडे मोठ्या किमतीचा रोध जोडून हिस्टेरेसिस, म्हणजे दिवा लागण्याच्या आणि विझण्याच्या पातळीत थोडे अंतर, द्यावा लागेल. त्याची किंमत जाणकाराकडून ठरवून घ्या.

प्रश्न : ट्रान्सफॉर्मरऐवजी फक्त कपॅसिटर वापरून घरच्या विजेवर चालणारे सर्किट मिळाले. मल्टिमीटर १२ व्होल्टच दाखवतो, म्हणजे ते सुरक्षित आहे ना?

नाही, आणि हा गैरसमज जीवघेणा आहे. ते १२ व्होल्ट सर्किटच्या दोन बिंदूंमधले असतात. जमिनीच्या संदर्भात मात्र संपूर्ण सर्किट घरच्या विजेच्या पूर्ण व्होल्टेजवर असू शकते. कपॅसिटर केवळ प्रवाह मर्यादित करतो, ट्रान्सफॉर्मरप्रमाणे विलगीकरण करत नाही, म्हणजे सर्किटला घरच्या विजेपासून वेगळे ठेवत नाही. त्यातच उजेड मिळावा म्हणून एलडीआर मुद्दाम पेटीबाहेर काढलेला असतो, त्यामुळे त्याचे उघडे पाय पुसायला किंवा हलवायला गेलेल्या माणसाच्या हाताला थेट लागतात. वीज बंद केल्यावरही, समांतर रोध नसेल तर कपॅसिटरमध्ये विद्युत प्रभार शिल्लक राहतो. ‘माझ्याकडे वर्षभर चालले’ या ऐकीव दाखल्याला काडीचीही किंमत नाही, कारण धोका असूनही सर्किट व्यवस्थित चालतेच. विलगीकरण असलेला तयार वीजपुरवठा वापरा आणि दिव्याकडची जोडणी परवानाधारक विद्युत तंत्रज्ञाकडूनच करून घ्या.

प्रश्न : रिमोटचे सिग्नल एलडीआरने वाचता येतील का?

नाही. त्याला प्रतिसाद द्यायला वीस-तीस मिलिसेकंद लागतात आणि तो ज्यापासून बनतो त्या कॅडमियम सल्फाइडची संवेदनशीलता मुख्यतः दृश्य प्रकाशाला आहे, तर रिमोट अवरक्त किरण वापरतो. त्यासाठीचा तयार रिसीव्हर घ्यावा.

प्रश्न : तुटलेला एलडीआर कचऱ्यात टाकावा का?

टाकू नये. कॅडमियम विषारी आहे. तुकडे मुलांपासून दूर ठेवून ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राला विचारून तेथे द्यावेत.