घरकुलाला दिराने कुलूप लावलं, आता काय करू?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला, दोन मुलं लहान आहेत. घरकुल आम्हा दोघांच्या नावावर मंजूर झालं, पण बांधलं सासऱ्यांच्या जागेवर. तेरवीनंतर पाचशेच्या स्टॅम्पवर 'माझा कशावरही हक्क नाही' अशी माझी सही घेतली. दिवाळीला माहेरी, वर्धा जिल्ह्यात आले. परत गेले तर घराला कुलूप आणि समोरच्या खोलीत दिराचा कापूस. आता भाड्याने राहण्याइतकी मजुरी मिळत नाही.

उत्तर : ताई, घर कोणाच्या मालकीचं आणि त्यात तुम्ही राहू शकता का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सासरचे ते मुद्दाम एकत्र करून तुम्हाला घाबरवताहेत. मालकीचा निकाल दिवाणी कोर्टात लागतो आणि त्याला वर्षं जातात. राहण्याचा हक्क मात्र आजही तुमच्याकडे आहे. सुरुवात तिथून करा.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम 17 सांगतं, की ज्या घरात बाई संसार करत होती तिथून तिला कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही, मग घर कोणाच्याही नावावर असो. सासऱ्यांच्या मालकीचं घरही यात येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. 2022 च्या प्रभा त्यागी प्रकरणात तर अर्जदार विधवाच होती, आणि तिचा राहण्याचा हक्क त्याच न्यायालयाने मान्य केला. घरात येऊ न देणं हा या कायद्यात आर्थिक छळ धरला जातो.

अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा. त्यासाठी यवतमाळच्या फेऱ्या नकोत; सध्या जिथे राहता तिथल्या, म्हणजे माहेरच्या तालुक्याच्या कोर्टातही तो चालतो. कलम 23 खाली अंतरिम, म्हणजे अंतिम निकालाआधीचा तात्पुरता आदेश मागा आणि कुलूप उघडताना पोलीस सोबत राहावेत, असंही अर्जात लिहा. वकिलाची फी नाही म्हणून थांबू नका. तालुका विधी सेवा समिती बाईला वकील फुकट देते, उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. फोन 15100.

त्या स्टॅम्पबद्दल. (गावोगाव असे कागद इतके पाहिलेत, की आता शाई पाहूनच ओळखू येतात.) स्थावर मालमत्तेवरचं हक्कसोडपत्र नोंदणी केल्याशिवाय चालत नाही, सही झाली म्हणून हक्क गेला नाही. शिवाय अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांचा हिस्सा असेल तर आई म्हणून तुम्हालाही तो असा परस्पर सोडता येत नाही. कोणी पुन्हा कागद पुढे केला, अगदी 'रेशनकार्डासाठी' म्हणून, तरी सही नको.

मालकीचं मी गोड बोलणार नाही. जागा सासऱ्यांनी स्वकष्टाने घेतली असेल, तर त्यांच्या हयातीत तीवर तुमचा मालकीहक्क नाही. वडिलोपार्जित असेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या हिश्शात तुम्ही, दोन्ही मुलं आणि सासूबाई असे चार समान वाटेकरी. हो, सासूबाईसुद्धा; सासरे मात्र या हिश्शात वाटेकरी नाहीत. ग्रामपंचायतीचा नमुना 8 दाखवून कोणी मालकी सांगितली तर लक्षात ठेवा, ती कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही.

या आठवड्यात पंचायत समितीतून घरकुलाच्या मंजुरी आदेशाची नक्कल काढा. हप्ते ज्या खात्यात आले त्याचं पासबुक, लाइट बिल, मुलांच्या शाळेत लिहिलेला पत्ता, सगळं गोळा करा. हप्ता सोडण्याआधी जोत्यापाशी, स्लॅबपाशी उभं करून तुमचे मोबाइलवर फोटो काढले होते ना? तेही मागा. त्या घरासमोर तुम्ही उभ्या आहात, यापेक्षा बोलका पुरावा सासरच्यांकडे नसेल.

कुलूप मात्र स्वतः तोडू नका. आत कापूस आहे. उद्या एक गाठोडं कमी भरलं तरी चोरीची तक्रार तुमच्या नावावर येईल.