ओट्यामागची काच आणि माप

लेकरा, ओट्यामागं रंगीत काच लावायची तर लॅकरची काच घेऊ नको. तिचा रंग नुसता मागून फासलेला असतो, शेगडीच्या धगीनं सुटू शकतो. इनॅमलचा रंग ६०० अंशांच्या वर भट्टीत काचेवर वितळून पक्का बसतो, त्याच तापात काच टफन, म्हणजे जास्त मजबूतही होते. पण एकदा टफन झाली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. जालन्यात माझं प्लगचं माप अर्ध्या इंचानं चुकलं होतं. ड्रिल टेकवलं, अन् अख्खी काच हरभऱ्याएवढे दाणे होऊन ओट्यावर सांडली. म्हणून ओटा बसल्याशिवाय माप घेऊच नको. पुठ्ठा कापून भिंतीला लावून बघ, मगच ऑर्डर दे. काच उतरवताना खाली पोतं टाक, कोपऱ्याला फरशी लागू देऊ नको.